महिंद्रा रेसिंग (मोटारसायकल संघ)

महिंद्रा रेसिंग हा मुंबईस्थित महिंद्रा उद्योगसमूहाचा मोटारसायकल शर्यतींचा संघ आणि शर्यतीच्या मोटारसायकलींचा निर्माता होता. २०११ ते २०१७ या सात हंगामांत त्याने मोटारसायकलींच्या ग्रां प्री विश्व अजिंक्यपद मालिकेत भाग घेतला. पहिल्या वर्षी तो १२५ सीसी गटात होता व पुढे त्या गटाची जागा घेणाऱ्या मोटो३ गटात राहिला. या मालिकेत उतरलेला तो पहिला भारतीय संघ होय. २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील ॲसन येथे इटलीच्या फ्रांचेस्को बान्यायाने महिंद्राच्या मोटारसायकलीवर मोटो३ गटाची शर्यत जिंकली. भारतीय निर्मात्याच्या मोटारसायकलीने ग्रां प्री जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

संघाने माघार घेतल्यानंतर त्याचे नाव विस्मृतीत गेले असते, तर नवल नव्हते. परंतु बान्याया आणि त्याचा महिंद्रावरील सहकारी, स्पेनचा होर्हे मार्तिन, हे दोघे पुढे मालिकेच्या सर्वोच्च मोटोजीपी गटात पोहोचले. २०२३ आणि २०२४ या लागोपाठच्या वर्षी विश्वविजेतेपदासाठी ते एकमेकांसमोर उभे ठाकले आणि प्रत्येकाने एकेकदा बाजी मारली. त्यामुळे भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील चाहत्यांच्या चर्चेत हा बंद पडलेला संघ पुन्हा पुन्हा येतो.

महिंद्रा रेसिंग याच नावाचा समूहाचा दुसरा संघ २०१४ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेत आहे. प्रस्तुत लेख मोटारसायकल संघापुरता मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

महिंद्रा समूहाची ओळख जीप आणि ट्रॅक्टर यांची. दुचाकींच्या व्यवसायात तो उशिरा, २००८ मध्ये आला, तोही पुण्याच्या कायनेटिक मोटर कंपनीचा व्यवसाय विकत घेऊन. कायनेटिक हे नाव महाराष्ट्राला नवे नव्हते. १९७२ मध्ये बाजारात आलेली आणि अहमदनगरच्या कारखान्यात तयार होणारी लूना, तसेच १९८० च्या दशकात जपानच्या होंडासोबत काढलेली कायनेटिक होंडा स्कूटर ही दोन्ही वाहने शिक्षक, कारकून आणि दूधवाल्यांपासून सर्वांच्या दारात उभी असत. या व्यवसायाबरोबर मध्य प्रदेशातील पीथमपूरचा कारखानाही महिंद्राकडे आला.

हिरो, बजाज, टीव्हीएस आणि होंडा यांनी व्यापलेल्या बाजारात नव्या कंपनीला नाव कमवायचे होते. शर्यतीतून नाव आणि शर्यतीतूनच तंत्रज्ञान मिळवायचे, हा मार्ग जपानच्या होंडाने १९५९ पासून, म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीत प्रथम उतरल्यापासून, चोखाळला होता. महिंद्रानेही तोच धरला. मात्र होंडाने आपली यंत्रे आपल्याच देशात घडवली होती. महिंद्राने आरंभापासून युरोपातील आरेखकांवर भिस्त ठेवली. या फरकावर पुढे बरीच चर्चा झाली.

पहिले दोन हंगाम

२०११ साली संघ १२५ सीसी गटात उतरला. मोटारसायकल इटलीतील इंजिन्स इंजिनिअरिंग या आरेखन संस्थेच्या साहाय्याने सिद्ध झाली होती आणि इंग्लंडचा डॅनी वेब व जर्मनीचा मार्सेल श्र्योटर हे स्वार होते. टू-स्ट्रोक इंजिनांच्या या गटाचा तो अखेरचा हंगाम होता. त्यातील शेवटची शर्यत स्पेनमधील वालेन्सिया येथे झाली. तिच्या पात्रता फेरीत वेबने सर्वांत कमी वेळ नोंदवून आरंभरेषेवरचे पहिले स्थान पटकावले. नवख्या संघासाठी ही मोठी गोष्ट होती.

२०१२ पासून या गटाच्या जागी मोटो३ हा नवा गट आला. त्यात २५० सीसीचे, एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन बंधनकारक होते. सर्वच निर्मात्यांची पाटी कोरी झाल्याने नव्या कंपनीला संधी होती. प्रत्यक्षात महिंद्राचा तो हंगाम अत्यंत निराशाजनक ठरला. मोटारसायकल वेगात कमी पडत होती आणि वारंवार बिघडतही होती. हंगाम संपण्याआधीच वेब संघाबाहेर पडला.

सूटरची साथ

अपयशानंतर समूहाने माघार न घेता यंत्रच बदलले. स्वित्झर्लंडमधील सूटर या शर्यत-अभियांत्रिकी संस्थेबरोबर २०१३ साठी एमजीपी३ओ ही संपूर्ण नवी मोटारसायकल घडवण्यात आली. स्वार म्हणून पोर्तुगालचा मिगेल ओलिव्हेरा आणि स्पेनचा एफ्रेन वास्केझ आले. त्या वर्षी ऑक्टोबरात मलेशियातील सेपांग येथे ओलिव्हेराने तिसरा क्रमांक मिळवला. महिंद्राची मोटारसायकल विजयमंचावर आली ती या दिवशी प्रथम. २०१४ मध्ये ॲसनला ओलिव्हेराने पुन्हा तिसरे स्थान मिळवले. पुढे हाच ओलिव्हेरा मोटोजीपीत शर्यती जिंकणारा पहिला पोर्तुगीज ठरला.

याच काळात महिंद्राने आपली मोटारसायकल इतर संघांना पुरवण्यास सुरुवात केली. शर्यतीच्या जगात संघ आणि निर्माता या दोन वेगळ्या भूमिका असतात. संघ स्वार निवडतो, तंत्रज्ञ बाळगतो व शर्यतीचा खर्च चालवतो. निर्माता यंत्र देतो आणि ते सुधारत राहतो. महिंद्रा २०१५ पासून मुख्यतः दुसऱ्या भूमिकेत गेली. काम इटलीतील बेसोत्सो येथून चालू लागले आणि अधिकृत संघाची जबाबदारी स्पेनच्या आस्पार संघाकडे सोपवण्यात आली. १२५ सीसी गटाचे माजी विश्वविजेते होर्हे मार्तिनेझ ‘आस्पार’ हे त्याचे प्रमुख होते.

आस्पार, बान्याया आणि मार्तिन

आस्पारच्या संघात २०१५ साली आलेले दोन तरुण पुढे प्रसिद्धीस आले. १४ जानेवारी १९९७ रोजी तुरिन येथे जन्मलेला बान्याया व्हॅलेंतिनो रोस्सीच्या प्रबोधिनीत तयार होत होता, पण मोटो३ मधील पहिल्या दोन वर्षांत त्याला विशेष काही साधले नव्हते. २९ जानेवारी १९९८ रोजी जन्मलेला मार्तिन माद्रिदजवळच्या सान सेबास्तियान दे लोस रेयेसचा. २०१४ चा रूकीज कप, म्हणजे उगवत्या स्वारांसाठीची चषक मालिका जिंकून तो आला होता. दोघांत वर्षभराचे अंतर होते. एकाच तंबूत दोन हंगाम काढताना त्यांची मैत्री जमली. त्या काळात विजेतेपदाचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे स्पर्धेचे विष त्या मैत्रीत कालवले गेले नाही.

१७ मे २०१५ रोजी फ्रान्समधील ल मॉं येथे बान्याया तिसरा आला. २०१६ चा हंगाम मात्र महिंद्राच्या इतिहासातील सोन्याचा. कतारमधील पहिल्याच शर्यतीत बान्यायाने तिसरे स्थान मिळवले. पाठोपाठ स्पेनमधील हेरेझ आणि इटलीतील मुजेल्लो येथेही तो तिसरा होता. त्यानंतर ॲसन आले. १९४९ मध्ये विश्व मालिका सुरू झाली तेव्हापासून या गावी शर्यत होत आली आहे आणि तेथील विजयाला स्वारांच्या लेखी वेगळे मोल आहे. मोटो३ मध्ये दहा-पंधरा मोटारसायकली शेवटच्या फेरीपर्यंत एकमेकींना खेटून धावतात. पुढच्याच्या मागे हवेचा विरोध कमी लागत असल्याने कोणालाच फार दूर निसटता येत नाही, आणि अखेरच्या वळणावर पहिला असलेला रेषेवर चौथाही होऊ शकतो. अशा झुंडीतून बान्यायाने पहिला क्रमांक काढला.

ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे पावसात शर्यत झाली. स्कॉटलंडचा जॉन मॅकफी प्यूजोच्या मोटारसायकलीवर जिंकला आणि मार्तिन महिंद्रावर दुसरा आला. मार्तिनचे विश्व मालिकेतील हे पहिले विजयमंच-स्थान. प्यूजो हे नाव फ्रेंच असले तरी यंत्र महिंद्राचेच होते, कारण प्यूजोच्या दुचाकी कंपनीत समूहाने ५१ टक्के वाटा घेतला होता आणि तिचे नाव लावून तीच मोटारसायकल धावत होती. त्या दिवशी पहिली दोन्ही स्थाने वस्तुतः एकाच निर्मात्याला मिळाली, ही बाब निकालपत्रावरून लक्षात येत नाही. ३० ऑक्टोबरला सेपांग येथे बान्यायाने हंगामातील दुसरी शर्यत जिंकली आणि १४५ गुणांसह तो चौथा राहिला. निर्मात्यांच्या क्रमवारीत महिंद्रा केटीएम व होंडा यांच्यामागे तिसरी होती. हंगाम संपल्यावर आस्पार संघाने बान्यायाला वालेन्सियाच्या चाचणीत आपली मोटोजीपी गटाची डुकाटी चालवायला दिली.

मुंबई आणि पुणे

या लढतीला एक घरगुती पदरही होता. महिंद्राची मुख्य प्रतिस्पर्धी केटीएम ही ऑस्ट्रियन कंपनी; पण तिच्यात पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ पासून भांडवल गुंतवले होते आणि २०१६ पर्यंत हा वाटा सुमारे ४८ टक्क्यांवर गेला होता. केटीएमच्या लहान ड्यूक मोटारसायकली चाकणला तयार होत होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रॅड बाइंडरने २०१६ चे मोटो३ विजेतेपद केटीएमवर जिंकले. ॲसन किंवा सेपांगच्या शर्यतीकडे मुंबई विरुद्ध पुणे म्हणून पाहणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण दोन्ही यंत्रे युरोपात घडत होती. तरीही हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजूंना मराठी मुलखातील उद्योग होते, हे नाकारता येत नाही.

दोन्ही कंपन्यांच्या धोरणांतील फरक अधिक बोलका आहे. बजाजने आधीच नावाजलेल्या निर्मात्यात पैसा घालून त्याच्या मोटारसायकली भारतात बनवल्या व विकल्या. महिंद्राने स्वतःचे नाव शर्यतीत नेले, परंतु त्या नावाची रस्त्यावरची मोटारसायकल ग्राहकांच्या गळी उतरली नाही. २०१५ मध्ये आलेल्या ३०० सीसीच्या मोजोला जाणकारांनी वाखाणले, विक्री मात्र मर्यादितच राहिली. ॲसनच्या विजयाचा आनंद साजरा करणाऱ्या तरुणाला दुकानात जाऊन विकत घेता येईल असे त्या यंत्राचे भावंड कंपनीकडे नव्हते. शर्यतीवरील खर्चाला व्यापाराचा आधार मिळाला नाही, हे माघारीचे एक मोठे कारण मानावे लागते.

माघार

२०१७ च्या हंगामादरम्यान महिंद्राने मोटो३ सोडत असल्याचे जाहीर केले आणि फॉर्म्युला ईवर लक्ष केंद्रित करण्याचे ठरवले. बान्याया मोटो२ गटात गेला होता, मार्तिनने होंडाची वाट धरली होती. त्या शेवटच्या वर्षी एकही विजय मिळाला नाही. जपानमधील मोतेगी येथे सीआयपी संघाच्या नवख्या मार्को बेत्सेक्कीने मिळवलेले तिसरे स्थान ही त्या वर्षीची उल्लेखनीय कामगिरी. आस्पारकडे तेव्हा लोरेंझो दाल्ला पोर्ता आणि आल्बर्ट आरेनास हे स्वार होते. पैकी पहिला २०१९ चा, तर दुसरा २०२० चा मोटो३ विश्वविजेता झाला, अर्थात दुसऱ्या कंपन्यांच्या मोटारसायकलींवर. माणसे पारखण्यात या प्रकल्पाची नजर यंत्रे घडवण्यापेक्षा तीक्ष्ण होती, असे म्हणता येते.

माजी स्वारांची स्पर्धा

२०१८ मध्ये बान्याया मोटो२ चा आणि मार्तिन मोटो३ चा विश्वविजेता झाला. मोटोजीपीत बान्याया २०१९ ला आणि मार्तिन २०२१ ला आला. दोघांनीही सुरुवात प्रामाक या डुकाटीच्या स्वतंत्र संघातून केली, पण २०२१ मध्ये बान्याया डुकाटीच्या मुख्य संघात गेला. २०२२ साली फ्रान्सच्या फाबियो क्वार्तारारोची ९१ गुणांची आघाडी मोडून त्याने विजेतेपद जिंकले. इटालियन स्वाराने इटालियन मोटारसायकलीवर सर्वोच्च किताब मिळवण्याची घटना १९७२ च्या जाकोमो आगोस्तीनीनंतर प्रथमच घडत होती.

२०२३ मध्ये त्याच्यासमोर जुना मित्र उभा राहिला. त्या वर्षीपासून रविवारच्या मुख्य शर्यतीखेरीज शनिवारी निम्म्या अंतराची लघुशर्यतही होऊ लागली. मुख्य शर्यतीतील विजयाला २५, तर लघुशर्यतीतील विजयाला १२ गुण मिळतात. थोड्या फेऱ्यांत सर्वस्व पणाला लावणाऱ्या मार्तिनला हा बदल मानवला. सप्टेंबरमध्ये बार्सिलोना येथे बान्याया मोटारसायकलीवरून उडाला व मागून येणाऱ्या बाइंडरची मोटारसायकल त्याच्या पायावरून गेली. मोठी दुखापत टळली, पण आघाडी घटू लागली.

२४ सप्टेंबर २०२३ रोजी ही मालिका भारतात आली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर झालेल्या या शर्यतीच्या फेऱ्या उष्म्यामुळे २४ वरून २१ करण्यात आल्या होत्या. आघाडीवरच्या गटात असताना बान्याया पडला. बेत्सेक्की पहिला आणि मार्तिन दुसरा आला; शर्यत संपल्यावर मार्तिनला शोषामुळे उपचार घ्यावे लागले. दोन अव्वल स्पर्धकांतील अंतर १३ गुणांवर आले. भारतातील या एकमेव मोटोजीपी शर्यतीत पहिले दोन्ही स्वार आणि पडलेला विश्वविजेता हे तिघेही कधीकाळी महिंद्रावर बसलेले होते. मैदानावर मात्र महिंद्राची मोटारसायकल नव्हती.

इंडोनेशियातील मांदालिका येथे शनिवारी मार्तिनने एकूण गुणांत आघाडी घेतली. रविवारी आघाडीवर असतानाच तो पडला आणि तेराव्या स्थानावरून निघालेला बान्याया जिंकला. ऑस्ट्रेलियात मऊ टायर निवडण्याचा त्याचा डाव अंगाशी आला व शेवटच्या फेरीत तो पहिल्यावरून पाचव्या स्थानी घसरला. वालेन्सियाच्या अखेरच्या शर्यतीत मार्तिन मार्क मार्केझला धडकून बाहेर पडला. बान्याया ४६७ विरुद्ध ४२८ गुणांनी पुन्हा विश्वविजेता झाला.

२०२४ मध्ये पारडे फिरले. बान्यायाने ११ मुख्य शर्यती जिंकल्या, मार्तिनने फक्त तीन; तरीही मार्तिन विजेता ठरला. बान्याया अनेकदा, विशेषतः शनिवारी, पडून गुण गमावत होता आणि मार्तिन दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे गुण साठवत होता. वालेन्सिया परिसरातील महापुरामुळे अखेरची शर्यत बार्सिलोनाला हलवण्यात आली. तेथे मार्तिन २४ गुणांच्या आघाडीने आला. बान्यायाने दोन्ही दिवस विजय मिळवले, मार्तिनने दोन्ही दिवस तिसरे स्थान राखले आणि १७ नोव्हेंबर २०२४ रोजी ५०८ विरुद्ध ४९८ असा निकाल लागला. मोटोजीपी या नावाने गट सुरू झाल्यानंतर स्वतंत्र संघाच्या स्वाराने मिळवलेले हे पहिलेच विजेतेपद. पराभवानंतर बान्यायाने मित्राचे मोकळेपणाने अभिनंदन केले. आठ वर्षांपूर्वीच्या तंबूची आठवण चाहत्यांना तेव्हा न झाली तरच नवल.

चाहत्यांमधील मतभेद

पहिला वाद महिंद्राच्या भारतीयत्वाचा. यंत्र स्वित्झर्लंड-इटलीत घडले, स्वार युरोपीय होते आणि भारतीय स्वाराला या मोटारसायकलीवर विश्व मालिकेत नाव काढता आले नाही. मग हा विजय आपला कसा, असा एका बाजूचा प्रश्न. चेन्नई, बंगळूर, पुणे, कोल्हापूर, नाशिक येथील होतकरू स्वारांना त्यातून थेट काही लाभले नाही, ही तक्रार रास्त आहे. दुसरी बाजू सांगते की नियमपुस्तिकेत निर्माता म्हणून नाव भारतीय कंपनीचे होते, पैसा आणि जोखीम तिची होती. ‘आमची पोरे’ असा बान्याया-मार्तिन यांचा उल्लेख करणारे अर्थातच जिव्हाळ्याने बोलतात. बान्यायाची जडणघडण रोस्सीच्या प्रबोधिनीतली आहे आणि मार्तिनची स्पेनमधली. महिंद्राने त्यांना दिली ती वेळेवर मिळालेली मोटारसायकल.

दुसरा वाद २०२४ च्या निकालाचा. अकरा शर्यती जिंकूनही हरणे अन्यायाचे आहे व लघुशर्यतींनी अजिंक्यपदाचे स्वरूप बदलले आहे, असे बान्यायाचे चाहते म्हणतात. गुणांची पद्धत हंगामाआधीच ठाऊक होती आणि न पडणे हेही कौशल्यच आहे, हे मार्तिनच्या चाहत्यांचे उत्तर. आकडे दुसऱ्या मताच्या बाजूने जातात. दहा गुणांचा फरक एका शनिवारच्या विजयापेक्षाही लहान आहे, आणि बान्यायाने असे शनिवार एकाहून अधिक गमावले होते.

तिसरा विषय पुढच्या हंगामांचा, आणि त्याने सर्व अंदाज खोटे ठरवले. डुकाटीने २०२५ साठी मुख्य संघात मार्तिनऐवजी मार्केझची निवड केली. नाराज मार्तिन विजेत्याचा १ क्रमांक घेऊन ॲप्रिलियात गेला. मार्केझने २८ सप्टेंबर २०२५ रोजी मोतेगी येथे, पाच शर्यती शिल्लक असतानाच, मोटोजीपीतील सातवे विजेतेपद निश्चित केले. त्या दिवशी शर्यत जिंकली ती बान्यायाने. पण एकूण क्रमवारीत तो २८८ गुणांसह पाचवा राहिला. मार्तिनचा हंगाम दुखापतींनी गिळला. हिवाळी सरावात तो दोनदा जायबंदी झाला, एप्रिलमध्ये कतारला बरगड्या मोडल्या. करार अर्ध्यावर सोडण्याचा त्याचा विचारही उघड झाला, मात्र तो ॲप्रिलियातच राहिला. मोतेगीच्या लघुशर्यतीत पहिल्याच वळणावर तो स्वतःच्या सहकाऱ्याला धडकला व त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. तो सहकारी होता बेत्सेक्की, ज्याने ३५३ गुण मिळवून वर्षअखेर तिसरा क्रमांक पटकावला.

अशा रीतीने २०२६ साठी करारबद्ध संघांत ॲप्रिलियाच्या दोन्ही जागांवर महिंद्राचे माजी स्वार आले आणि तिसरा, बान्याया, डुकाटीत मार्केझच्या शेजारी राहिला. पुण्याचा धागाही तुटलेला नाही. केटीएम नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिचा शर्यत विभाग टिकेल की नाही, ही धास्ती होती. २०२५ मध्ये बजाजने कंपनीला वाचवून ताबा घेतला आणि संघ मोटोजीपीत कायम राहिला. २०२७ पासून इंजिनाची मर्यादा १००० सीसीवरून ८५० सीसीवर येणार असून टायरही मिशेलिनऐवजी पिरेलीचे असतील.